कडाक्याच्या थंडीत भाड्याने दिलेलं घर: गरम ठेवावं की पाणी काढून कोरडं करावं?

प्रश्न थोडक्यात असा: हिवाळ्यात पारा शून्याच्या बराच खाली उतरतो अशा भागात घर भाड्याने दिलं आहे आणि मालक दूर राहतात. भाडेकरू डिसेंबरात दोन आठवडे बाहेर जाणार, जानेवारीअखेर घर सोडणार, आणि नवीन भाडेकरू मार्चमध्ये येणार. या काळात पाणी बंद करावं, हीटिंग बंद करावं, की खर्च वाचवायला दोन्ही थोडंथोडं चालू ठेवावं?

थोडंथोडं चालू ठेवू नका. दोनच अवस्था सुरक्षित असतात. घर पुरेसं गरम हवं, नाहीतर त्यातलं पाणी पूर्ण काढून घेतलेलं हवं. थर्मोस्टॅट (हीटिंगचं तापमान ठरवणारं यंत्र) 7-8 अंशांवर आणि पाइप भरलेले, ही मधली अवस्था सर्वांत जास्त नुकसान करते. तुमच्या बाबतीत दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी हीटिंग चालू आणि पाण्याचा मेन व्हॉल्व्ह बंद, तर फेब्रुवारीतल्या रिकाम्या महिन्यासाठी शक्यतो पूर्ण कोरडं घर, असं मी सुचवेन.

आधी पाइप का फुटतो ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं हे बरोबर, पण बर्फ जिथे झाला तिथेच पाइप फुटतो असं नाही. बर्फाचा बोळा पाइपमध्ये वाढत जातो आणि पुढचं पाणी बंद नळाच्या दिशेने दाबतो. त्या पाण्याला जायला जागा नसते, म्हणून दाब प्रचंड वाढतो आणि त्या टप्प्यातला सर्वांत कच्चा भाग फुटतो. तांब्याचा पाइप उभा चिरतो, सीपीव्हीसी (कडक प्लास्टिकचा पाइप) तडकतो. पेक्स (लवचीक प्लास्टिकचा पाइप) स्वतः ताणला जाऊन बऱ्याचदा वाचतो, पण त्याचे सांधे फुटतात. म्हणूनच तडा कित्येकदा गोठलेल्या जागेपासून दूर सापडतो. आणि बर्फ वितळेपर्यंत पाणी गळतच नाही, त्यामुळे थंडी ओसरली की घर बुडतं.

नळ बारीक सोडून ठेवण्याचा उपाय चालतो तो याच कारणाने. वाहतं पाणी गोठत नाही म्हणून नव्हे, तर उघड्या नळातून दाब निघून जातो म्हणून. त्यामुळे गार आणि गरम दोन्ही बाजू सोडायला हव्यात. एकाच दांड्याचा मिक्सर नळ असेल तर दांडा मधोमध ठेवा. गरम पाण्याचा पाइपही गोठतो, कारण रात्रभर कोणी गरम पाणी वापरलं नाही तर तो गार पाइपइतकाच थंड झालेला असतो.

घराची थंड ठिकाणं

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या इमारत-संशोधन चाचण्यांत इन्सुलेशन नसलेले पोटमाळ्यातले पाइप बाहेर सुमारे उणे 7 अंश सेल्सिअस झाल्यावर गोठायला लागतात असं दिसलं. हा आकडा इशारा म्हणून धरा. वारा असेल आणि भिंतीत फट असेल तर याहून कमी थंडीतही पाइप गोठतो. बाहेरच्या भिंतीतून केबल किंवा गॅसची नळी आत येते तिथलं बोटभर भोक, त्यातून वारा नेमका पाइपवर येत असेल तर, एकटंच पुरेसं असतं. अशी भोकं फोमने किंवा सीलंटने बुजवणं हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे.

घरात फिरून ही ठिकाणं शोधा: बाहेरच्या भिंतीला टेकलेलं सिंकखालचं कपाट, गॅरेजवरची खोली, बेसमेंटच्या छताची बाहेरची कडा, घराच्या फरशीखालची बुटकी पोकळी, पोटमाळा, आणि गॅरेजमधलं वॉशिंग मशीनचं कनेक्शन. मोठ्या आडव्या नळ्यांपेक्षा या कोपऱ्यांतले हातभर तुकडे जास्त फुटतात.

पाइपवर फोमच्या नळ्या चढवा, पण एवढं लक्षात ठेवा की इन्सुलेशन उष्णता तयार करत नाही, असलेली उष्णता सावकाश जाऊ देतं. गरम न होणाऱ्या जागेत नुसता फोम चढवला तर पाइप काही तास उशिरा गोठेल, एवढंच. पोटमाळ्यात छताच्या इन्सुलेशनची गादी पाइपच्या वरून घाला, खालून नको. खालून घातली तर घरातली ऊब पाइपपर्यंत पोचतच नाही आणि पाइप बाहेरच्या बाजूला उघडा पडतो. ही चूक दुरुस्तीनंतर हमखास दिसते, कारण कारागीर गादी उचलून काम करतो आणि परत टाकताना पाइपखाली सरकवतो.

जिथे ऊब पोचवणं शक्यच नाही तिथे हीटिंग केबल लावा. स्वतःहून तापमान सांभाळणारी केबल घ्या. साध्या केबलचा एक वेढा दुसऱ्यावर आला तर ती तिथे जळते. केबल ज्या पाइपसाठी चालते (धातू की प्लास्टिक) ते पाहून घ्या, विजेच्या गळतीपासून संरक्षण असलेल्या सॉकेटलाच जोडा, आणि एक्स्टेंशन बोर्ड वापरू नका. दर हिवाळ्याआधी तिचा दिवा लागतो का ते बघा. वीज गेली की केबलही गेली, हे गृहीत धरा.

बागेच्या नळासाठी वेगळा इशारा. न गोठणारा म्हणून मिळणारा लांब दांड्याचा नळ खरोखर चांगला असतो, कारण त्याचा व्हॉल्व्ह भिंतीच्या आत उबदार भागात असतो आणि बंद केल्यावर पुढचं पाणी गळून जातं. पण त्याला रबरी पाइप जोडून ठेवला तर ते पाणी आतच अडकतं आणि नळ भिंतीच्या आत फुटतो. कळतं केव्हा? वसंतात कोणी झाडांना पाणी घालायला नळ उघडतो आणि भिंतीतून पाणी वाहायला लागतं तेव्हा. भाडेकरूंना ऑक्टोबरातच लेखी कळवा की पाइप काढून ठेवा. नळ साधा असेल तर आतला व्हॉल्व्ह बंद करून बाहेरची तोटी उघडी ठेवायची.

भाडेकरू घरात असताना

मालक इथेच सर्वांत कमी बोलतात, आणि बहुतेक नुकसान इथेच होतं. घराचा मालक घरात नसतो आणि घरात राहणाऱ्याला घराची नस माहीत नसते. पहिली गोष्ट: मेन व्हॉल्व्ह कुठे आहे ते भाडेकरूंना प्रत्यक्ष दाखवा, त्यांच्याकडून एकदा बंद-चालू करून घ्या आणि त्यावर ठळक चिठ्ठी बांधा. जुना गोल चाकाचा गेट व्हॉल्व्ह असेल तर तो वर्षानुवर्षं न फिरवल्याने अडकतो, किंवा चाक फिरतं पण आतली पट्टी तुटलेली असते. तो काढून पाव फेरीत बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्या. पाइप फुटल्यावर नुकसान ठरतं ते पाणी किती मिनिटांत बंद झालं यावर.

दुसरी गोष्ट म्हणजे बिल वाचवायच्या सवयी. रिकाम्या खोलीचं हीटिंग बंद करून दार लावून घेणं, रात्री थर्मोस्टॅट खूप खाली आणणं, लाकडाची शेगडी पेटवून दिवाणखाना गरम ठेवणं. तिन्ही दिसायला निरुपद्रवी आहेत. पण शेगडीच्या उबेने दिवाणखान्यातला थर्मोस्टॅट समाधानी राहतो, मुख्य हीटिंग तासन्‌तास चालू होत नाही, आणि बेसमेंटमधले पाइप गोठतात. बंद खोलीच्या भिंतीतून न्हाणीघराचा पाइप गेलेला असतो हे भाडेकरूंना माहीत असायचं कारण नाही. कडाक्याच्या लाटेत दिवस-रात्र एकच तापमान ठेवा, आतली दारं उघडी ठेवा, सिंकखालच्या कपाटांची दारं उघडा (लहान मुलं असतील तर आतली रसायनं आधी काढून), आणि मेनपासून सर्वांत लांबचा नळ बारीक धारेने सोडा. नुसते थेंब पडत असतील आणि सांडपाण्याची नळी थंड जागेतून जात असेल तर तीच नळी थराथराने गोठून तुंबते. बारीक पण सलग धार बरी. सेप्टिक टाकी असेल तर दिवसचे दिवस धार सोडणं टाळा, त्यापेक्षा पाइपच उबदार करण्याच्या मागे लागा.

वाढीव पाण्याचं आणि हीटिंगचं बिल कोण भरणार हे आधी सांगून टाका. थंडीच्या लाटेपुरता खर्च मालकाने उचललेला परवडतो. भाडेकरू बिलाच्या धास्तीने नळ बंद करणार असतील तर तुमच्या सूचना कागदावरच राहतील.

वीज गेल्यावर माणसं ओव्हन उघडा ठेवून, कोळशाची शेगडी घरात आणून किंवा गॅरेजमध्ये जनरेटर लावून घर गरम करू पाहतात. कार्बन मोनॉक्साइडने माणसं मरतात ती अशीच. फेब्रुवारी 2021 मध्ये टेक्सासमध्ये वीज गेल्यावर नेमकं हे घडलं. तिथली घरं उष्ण हवेसाठी बांधलेली, पाइप पोटमाळ्यात, त्यामुळे घरोघरी पाइपही फुटले. प्रत्येक मजल्यावर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा, बॅटरी हिवाळ्याआधी बदला. जनरेटर घराबाहेर, दारं-खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर. खोलीतला हीटर पडदे-अंथरुणापासून 1 मीटर दूर आणि थेट भिंतीच्या सॉकेटला.

पायऱ्यांवरचा बर्फ कोण काढणार हे भाडेकरारात नावानिशी लिहा. साधं मीठ उणे 9 अंशांच्या खाली फारसं उपयोगी पडत नाही, तिथे कॅल्शियम क्लोराइड किंवा नुसती वाळू वापरा.

दोन आठवड्यांची सुट्टी

थर्मोस्टॅट किमान 13 अंश सेल्सिअस, म्हणजे 55 फॅरनहाइट. हा सर्वसाधारण किमान आकडा आहे. बाहेरच्या भिंतीतून पाइप गेले असतील तर मी 15-16 अंशांच्या खाली जाणार नाही, कारण थर्मोस्टॅट घराच्या मधोमध असतो आणि सिंकमागची भिंत त्याहून बरीच थंड असते. थर्मोस्टॅट बॅटरीवर चालत असेल तर नवीन बॅटरी घाला.

मग मेन बंद करा आणि वरच्या मजल्यावरचा एक आणि सर्वांत खालचा एक नळ उघडून दाब काढून टाका. विजेचा वॉटर हीटर बंद करा, गॅसचा असेल तर सुट्टीच्या खुणेवर आणा. मेन बंद करण्यापूर्वी दोन गोष्टी मात्र बघाच. त्याच लाइनवर आग विझवणारे स्प्रिंकलर असतील तर ती लाइन बंद करता येत नाही, आणि तो भाग 4 अंशांच्या वर राहिलाच पाहिजे. दुसरं, गरम पाण्याच्या रेडिएटरचा बॉयलर आपोआप पाणी भरून घेणारा असेल तर मेन बंद केल्यावर त्याला पाणी मिळणार नाही. कुठे बारीक गळती असेल तर दाब उतरून बॉयलर थांबेल. आधी दाब टिकतो का ते दोन-तीन दिवस तपासा.

तापमानाचा सेन्सर थर्मोस्टॅटजवळ लावू नका. तो सर्वांत थंड कपाटात किंवा बेसमेंटच्या कोपऱ्यात ठेवा आणि इशारा 8 अंशांवर लावा. वाय-फायवर चालणारा सेन्सर वीज गेली की गप्प बसतो, आणि भाडेकरूंनी घर सोडताना इंटरनेट बंद केलं तरीही. मोबाइल सिमवर चालणारा आणि स्वतःची बॅटरी असलेला घ्या. शिवाय आठवड्यातून दोनदा घरात जाऊन येणारं माणूस ठरवा. बाहेरून गाडी वळवून नेणं म्हणजे पाहणी नव्हे. आत जाऊन हीटिंग चालू आहे का, फर्नेसच्या (गरम हवा घरभर सोडणारी भट्टी) बाहेर निघालेल्या प्लास्टिकच्या नळ्या बर्फाने झाकल्या आहेत का हे बघायला हवं. त्या झाकल्या की फर्नेस सुरक्षेसाठी स्वतःच बंद होतो. कंडेन्सिंग बॉयलरची (धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची ऊबही वापरणारा बॉयलर) सांडपाण्याची बारीक नळी बाहेर गोठली तरी तो थांबतो. त्या नळीवर कोमट पाणी ओता, उकळतं नको.

रिकामं घर: पाणी पूर्ण काढणं

त्याआधी एक कागदी काम, आणि भाड्याच्या घरात सर्वांत मोठा घात यातच होतो. भाडेकरू जाताना वीज आणि गॅसचं आपलं खातं बंद करतात. तुमच्या नावावर खातं वळवलेलं नसेल तर त्यांच्या शेवटच्या तारखेला पुरवठा तुटू शकतो, आणि मालक समजत राहतो की थर्मोस्टॅट 13 वर आहे. खातं किमान आठवडाभर आधी आपल्या नावावर घ्या आणि मीटरचे फोटो काढा.

आता क्रम. मेन बंद. वॉटर हीटर विजेचा असेल तर आधी ब्रेकर पाडा. रिकाम्या टाकीत एलिमेंट चालू राहिलं तर काही क्षणांत जळतं. गॅसचा असेल तर गॅस बंद. पाणी निवू द्या, मग टाकीच्या तळाच्या तोटीला रबरी पाइप लावून तो बाहेर किंवा जमिनीच्या जाळीत सोडा. वरच्या मजल्यावरचा गरम नळ उघडा, नाहीतर हवा न मिळाल्याने टाकी रिकामी होत नाही. 150 ते 200 लिटरच्या टाकीला तासभर सहज लागतो, आणि तळाशी गाळ साचला असेल तर तोटी मध्येच तुंबते. अशा वेळी मेन क्षणभर उघडून गाळ ढकलून द्यायचा.

घरातले सगळे नळ वरून खाली या क्रमाने उघडा, शॉवरचा दांडा मधोमध ठेवा, हातातला शॉवर खाली लोंबकळू द्या. फ्लश दाबून टाकी रिकामी करा आणि तळातलं पाणी स्पंजने टिपा. नळांच्या तोंडाच्या जाळ्या काढा. फिल्टरची भांडी रिकामी करा.

इथे बरेच जण थांबतात, आणि तिथेच फसतात. झोळ पडलेल्या आडव्या पाइपांत आणि शॉवरच्या मिक्सरच्या पोटात पाणी उरतंच. वॉशिंग मशीनच्या तोटीला कंप्रेसर जोडा, वॉटर हीटरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा, दाब 35 ते 50 पीएसआयच्या (दाब मोजायचं एकक) वर नेऊ नका, आणि सगळे नळ बंद करून सर्वांत लांबच्या नळापासून एकेक उघडा. प्रत्येकातून धार संपून तुषार, आणि तुषार संपून नुसती हवा येईपर्यंत थांबा. फ्रिजच्या बर्फयंत्राची नळी, वॉशिंग मशीनचा पंप आणि डिशवॉशर विसरू नका. दोन्ही यंत्रांत सुमारे एक लिटर अँटिफ्रीझ ओतून पाणी काढण्याचं चक्र काही सेकंद फिरवा.

शेवटी ट्रॅप, म्हणजे सांडपाण्याच्या नळीचा वाकलेला भाग, जिथलं साचलेलं पाणी गटाराचा वायू अडवतं. सिंक, टब, शॉवर, जमिनीची जाळी यांत प्रत्येकी साधारण अर्धा लिटर आणि कमोडमधलं पाणी काढून त्यात लिटरभर प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी अँटिफ्रीझ घाला. ट्रॅप नुसते कोरडे ठेवू नका, गटाराचा वायू घरात येतो. गाडीचं अँटिफ्रीझ (इथिलीन ग्लायकॉल) विषारी आहे, ते घरात वापरायचं नाही. डब्यावरचा उणे 50 चा आकडा फॅरनहाइटमधला आणि पाइप न फुटण्याच्या मर्यादेचा असतो. द्रव त्याच्या बऱ्याच आधी घट्ट होऊ लागतो, आणि ट्रॅपमधल्या पाण्यात मिसळून पातळ झाला तर संरक्षण कमी होतं. म्हणून जुनं पाणी पुढे ढकललं जाईल इतकं ओता.

प्रत्येक नळावर, कमोडवर आणि हीटरच्या ब्रेकरवर ‘पाणी काढलेलं आहे, चालू करू नये’ अशी चिठ्ठी लावा. घर बघायला आलेलं कोणीतरी मेन उघडतं आणि सगळी मेहनत वाया जाते.

हे सगळं पिण्याच्या पाण्याच्या पाइपांचं झालं. रेडिएटरमधलं पाणी वेगळ्या बंद मंडलात असतं आणि या कामाने ते निघत नाही. असं घर असेल तर हीटिंग चालू ठेवा, किंवा तंत्रज्ञाकडून त्या मंडलात योग्य प्रमाणात ग्लायकॉल भरून घ्या. भिंतीवरच्या तात्काळ गरम पाणी देणाऱ्या यंत्राचं गोठण-संरक्षण विजेवर चालतं, त्यामुळे त्याचंही पाणी त्याच्या तोट्यांतून काढा.

विम्याची अट आधीच वाचा. घर ठरावीक दिवसांपेक्षा (बऱ्याच ठिकाणी 30 किंवा 60) जास्त रिकामं असेल, किंवा हीटिंग चालू ठेवल्याचा वा पाणी काढल्याचा पुरावा नसेल, तर गोठून झालेल्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. तारखेसह फोटो, सेन्सरची नोंद, प्लंबरची पावती जपून ठेवा.

गोठलंच तर

नळाला धार नाही, पण शेजारच्या नळाला आहे, म्हणजे पाइप गोठला आहे. तो नळ उघडा ठेवा आणि एक माणूस मेनपाशी उभा करा, कारण तडा वितळल्यावरच दिसेल. हेअर ड्रायर, गरम पाण्यात बुडवून पिळलेले टॉवेल किंवा शेकायचा इलेक्ट्रिक पॅड वापरून नळाकडून गोठलेल्या भागाकडे सरका. मधूनच गरम केलं तर वितळलेलं पाणी दोन बोळ्यांमध्ये अडकून दाब वाढतो. ब्लोटॉर्च कधीही नको, भिंतीतल्या लाकडाने पेट घेतल्याचं कळेपर्यंत उशीर होतो. पाणी साचलं असेल आणि सॉकेटपर्यंत पोचलं असेल तर त्यात पाऊल टाकण्याआधी वीज बाहेरून तोडली पाहिजे. भिजलेलं इन्सुलेशन आणि जिप्सम बोर्ड 24 ते 48 तासांत काढा किंवा कोरडं करा, नाहीतर बुरशी धरते.

मार्चमध्ये पाणी परत भरताना आधी घर दिवसभर गरम करा. सगळे नळ बंद करून फक्त वरचे दोन अर्धवट उघडे ठेवा, मेन जेमतेम पाव उघडा आणि घरभर फिरून कान द्या. हवा निघून सलग धार आली की नळ बंद करून मेन पूर्ण उघडा, आणि नंतर तासभर मीटरचा काटा बघा. तो हलत असेल तर कुठेतरी गळती आहे. वॉटर हीटर काठोकाठ भरून गरम नळातून पाणी यायला लागल्यावरच ब्रेकर लावा, आणि नळांच्या जाळ्या शेवटी बसवा.